अजून किती शिकायचं? रक्ताचा डॉक्टर कसा घडतो

आजचा विषय लांबून कोरडा वाटेल, पण पाच मिनिटं थांबा. रक्ताचे आजार आणि ब्लड कॅन्सर बघणारा डॉक्टर तयार कसा होतो?

आपल्या लातूर जिल्ह्यात डॉक्टर होणं म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. लातूर पॅटर्न, नीट, मेसचा डबा, रविवारची टेस्ट. पण आपली गोष्ट एमबीबीएसच्या यादीत नाव लागलं की संपते. पेढे वाटले, झालं! पुढचा हिशोब असाय : एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी ३ वर्षं, मग नीट एसएस नावाची अजून एक परीक्षा आणि डीएम ३ वर्षं. बेरीज साडेअकरा. तयारीत गेलेली वर्षं वेगळी.

हा विषय घरातून आला. माझी चुलत बहीण एमडी मेडिसिन झाली. देवणीत मोठे काका म्हणतात, "आता अजून किती शिकती बाई? उदगीरला दवाखाना टाक की." काकांचं चुकतंय असं मला वाटत नाही. शुगर, बीपी, डेंग्यू नीट बघणारा एमडी तालुक्याला हवाच आहे. पण ताईला डीएम करायचंय, क्लिनिकल हेमॅटॉलॉजीत.

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या तीन वर्षांनंतर साधारण तीन वर्षांची एकच फेलोशिप असते, रक्त आणि कॅन्सर दोन्हींची. आपल्याकडे वाटा दोन. क्लिनिकल हेमॅटॉलॉजीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, ल्युकेमिया. मेडिकल ऑन्कॉलॉजीत स्तनापासून फुप्फुसापर्यंतच्या कॅन्सरची औषधं. ब्लड कॅन्सर मात्र दोघांच्याही अंगणात येतो. डॉ. सुरेश अडवाणींचं नाव ऐकलंय का? लहानपणी पोलिओ झाला, आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. ते अमेरिकेत सिएटलला जाऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट शिकून आले आणि १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं. ज्यांच्याकडे शिकले त्या डॉनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे तेव्हा हे शिकायलाच समुद्रापलीकडे जावं लागत होतं.

मी ताईला विचारलं, "एमडी झालीस ना, मग तीन वर्षं नवीन काय शिकणार?" ती म्हणाली, "बघायला." कमरेच्या हाडातून मॅरो काढायचा, काचेवर पसरायचा, मायक्रोस्कोपखाली पेशी ओळखायच्या. शेकडो स्लाइड बघितल्यावर डोळा तयार होतो. केमो चालू असलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या आणि ताप आला, तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. सकाळी राउंडला बघू, असं चालत नाही. आणि व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध. शिरेतून दिलं तर उपचार, चुकून पाठीच्या मणक्यातून गेलं तर बहुतेक वेळा मृत्यू. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं, असं सांगितलं जातं, म्हणजे मणक्यात टोचायचा प्रश्नच येत नाही. आम्ही प्रॉडक्शनवर कोड टाकताना चूक होऊच नये अशी सोय करतो, तसंच. फक्त इथे रोलबॅक नाही.

आता काकांना पटलेला मुद्दा. ल्युकेमियाचा एक प्रकार आहे, एपीएल. त्यात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते; हिरड्यांतून, अंगावर, मेंदूत रक्तस्राव होतो. एकेकाळी हा सगळ्यात जीवघेणा ल्युकेमिया होता. मग १९८०च्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी एट्रा हे औषध वापरून बघितलं. व्हिटॅमिन ए च्या कुळातलं, तोंडाने घ्यायची कॅप्सूल! पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली. आज पहिले दिवस निभावले तर बहुतेक पेशंट बरे होतात. अडचण त्या पहिल्या दिवसांचीच आहे. नुसता संशय आला तरी कॅप्सूल सुरू करायची, पक्क्या रिपोर्टची वाट बघायची नाही. पण संशय येणार कुणाला? ज्याने ती पेशी आधी पाहिलीय त्याला.

देवणीहून पेशंट उदगीर, उदगीरहून लातूर, तिथून सोलापूर, हैदराबाद नाहीतर मुंबई. रेफरच्या चिठ्ठ्या वाढतात, तास जातात. म्हणून मला वाटतं, शिकायला मुंबईला जावंच लागेल, पण शिकलेला माणूस लातूरला बसला तर त्याचा उपयोग जास्त. ताई पुढे काय करेल माहीत नाही. लातूरला मॅरोची लॅब, प्लेटलेट्स, तयार नर्स नसतील तर एकटी डीएम काय करणार, हा तिचा प्रश्न रास्त आहे. काका मात्र आता लग्नाआधी विचारतात, "तिथं प्लेटलेट मिळतेत का?"

तोवर एक काम करा. घरात कुणाच्या सीबीसी रिपोर्टवर 'ब्लास्ट' हा शब्द दिसला, किंवा प्लेटलेट्स एकदम कमी आणि हिरड्यांतून रक्त येतंय, तर सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा आणि स्लाइड कोण बघणार, हे विचारा. भेटू पुढच्या भागात.