शेताखालची वायुवाहिनी



गुजरातेतील दहेजपासून उरण-पनवेलवरून थेट दाभोळपर्यंत नैसर्गिक वायूची वाहिनी जमिनीखालून गेलेली आहे. अशी वाहिनी ज्यांच्या शेतातून जाते त्यांना वाटते, आपली जमीन गेली. तसे नाही. 1962 च्या पाइपलाइन कायद्याने घेतला जातो तो जमिनीच्या वापराचा हक्क. सातबारा तुमच्याच नावे राहतो. पण मालकी राहिली म्हणून मोकळीकही राहिली, असे समजू नका बरं का!

त्या कायद्याचे नववे कलम पाहा. अधिसूचनेपूर्वी तुम्ही त्या पट्ट्यात भात, नाचणी जे काही करीत होता ते पुढेही खुशाल करा. मात्र तेथे घर किंवा गोठा बांधता येणार नाही, विहीर वा तळे खणता येणार नाही, आणि झाडही लावता येणार नाही. आता कोणी म्हणेल, आंब्याच्या एका कलमाने काय बिघडते? अहो, मुळे खोल जातात, नळावरचे आवरण दुखावते, आणि दुरुस्तीची वाट अडते. वाहिनी निदान एक मीटर खोल असावी असे कायदा सांगतो. पण जेसीबीला एक मीटर म्हणजे किती? एका घासाचे काम! वाहिनीला इजा होईल असे काही न करण्याची जबाबदारी मालकाची आहे, तशीच जमीन कसणाऱ्याचीही. 2011 साली कायद्यातील शिक्षाही कडक झाल्या. जमीन विकत घेणाऱ्यालाही हे बंधन चुकत नाही; तेव्हा व्यवहारापूर्वीच त्याला सांगावे.

हरकत घ्यायची तर अधिसूचनेपासून 21 दिवसांत. पिकाची, तोडलेल्या झाडांची भरपाई वेगळी, आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. कायमच्या बंधनाला हा मोबदला मला तरी अपुरा वाटतो. भरपाई मान्य नसेल तर जिल्हा न्यायालयात जाता येते. रागाने विहीर खणता येत नाही.

27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावी वाहिनीतून वायू गळून भडका उडाला. वीसहून अधिक माणसे दगावली. सिलिंडरच्या वायूला येणारा वास मुद्दाम घातलेला असतो. लांब पल्ल्याच्या वाहिनीत तो असेलच असे नाही, म्हणून नाकावर विसंबू नये. जमिनीतून फुसफुस आवाज, साचलेल्या पाण्यात बुडबुडे, हिरव्या पिकात मध्येच वाळलेला तुकडा, असे काही दिसले तर विडी पेटवू नका, पंपाची कळ दाबू नका. आधी लांब जा आणि मग फोन करा. फोनचा क्रमांक वाहिनीच्या वाटेवरील सूचनाखांबावर असतो. गुरुजींनी तो मुलांकडून उतरवून आणवावा आणि शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवावा.