मरणोत्तर दान आणि आपले कुटुंब



दधीचींनी देवकार्यार्थ अस्थी दिल्या. तसे दान आज सामान्य गृहस्थासही शक्य आहे. १९९४ च्या कायद्यान्वये, मेंदू मृत झालेल्या व्यक्तीची मूत्रपिंडे, यकृत, हृदय रुग्णांस देता येतात. घरी मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते. परंतु संकल्पपत्र भरून कपाटात ठेवल्याने कार्य साधत नाही. त्या घटकेस संमती आप्तांनाच विचारली जाते, आणि मृताची इच्छा ठाऊक नसलेले शोकाकुल घर नकार देऊन बसते. देहाची विटंबना होईल ही भीती व्यर्थ आहे. देह शिवून सन्मानाने परत मिळतो, अंत्यसंस्कारांस बाधा येत नाही.

म्हणून विनंती एकच : आज घरी जाताच आपली इच्छा घरच्यांस स्पष्ट सांगा. हे बोलणे अशुभ नव्हे. न सांगितलेले दान मात्र चितेवर भस्म होते.