कोठारातील उंदीर आणि छऱ्याची बंदूक



चेन्नईहून उत्तरेस कोलकात्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ४५ किलोमीटरांवर गुम्मिडिपूंडी हे तालुक्याचे गाव लागते. तिरुवळ्ळूर जिल्ह्याचा हा उत्तरेकडील कोपरा असून आंध्र प्रदेशाची हद्द येथून जवळच आहे. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली असली, तरी आसपासच्या खेड्यांचा जीव अद्याप भाताच्या खाचरांतच गुंतलेला आहे. ईशान्य मोसमी पावसावर पोसलेले सांबा भात पोंगलच्या सुमारास खळ्यावर येते. खाचरे मोकळी होतात, तसा उंदरांचा शेतातील आसरा आणि आहार दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांचा मोर्चा कोठारे, गोठे आणि कोंबड्यांची खुराडी यांच्याकडे वळतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात छऱ्याच्या बंदुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे. ती कोणती घ्यावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम शत्रूची ओळख करून घेणे इष्ट. कोठाराच्या वाशांवरून आणि तुळयांवरून धावतो तो घरउंदीर. जमिनीखाली बिळे करून राहते ती घूस. घूस केवळ खाऊन थांबत नाही. ती धान्य बिळात साठवूनही ठेवते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून पोट भरलेले असतानाही तो पोती, दोर आणि विजेच्या तारा कुरतडतो. गर्भधारणेचा काळ जेमतेम तीन आठवड्यांचा असल्यामुळे एका जोडीचे बिऱ्हाड पाहता पाहता गोतावळ्यात रूपांतरित होते. ही गोष्ट बंदूक निवडण्यापूर्वीच ध्यानात ठेवावी, कारण बंदुकीकडून किती अपेक्षा करावी हे तिच्यावरूनच ठरते.

आता जागेचा विचार करू जाता असे दिसते की, कोठारातील नेम हा रानातील नेम नव्हे. येथे अंतर पाच ते दहा मीटरांचे असते. भोवती भिंती असतात, वर पत्रे असतात, शेजारी गुरे बांधलेली असतात आणि भिंतीपलीकडे बहुधा माणसांचा वावर असतो. तेव्हा ‘सर्वांत जोरदार बंदूक कोणती?’ हा प्रश्नच मुळी गैरलागू ठरतो. काम होण्यास पुरेसा आणि त्याहून अधिक नाही, असा जोर कोणत्या बंदुकीत आहे, हा खरा प्रश्न होय.

छऱ्याची मारक शक्ती त्याच्या वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदास २०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १० ज्यूल भरते. वेग २८० मीटरांवर गेला, तर ती दुपटीच्या घरात, म्हणजे सुमारे २० ज्यूल होते. कोठारातील अंतरावर, मस्तकाचा अचूक वेध घेतला असता, उंदरास यातील पहिला आकडा पुरून उरतो. दुसऱ्या आकड्याचा छर्रा उंदराच्या आरपार जाऊन मागील पत्र्यास भोक पाडण्याचा किंवा दगडावर आपटून उलटण्याचा संभव अधिक. छप्पर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचे असेल, तर त्यास तडा जाऊन आरोग्यास घातक असे तंतू खाली झडण्याचे भय वेगळेच.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, व्यासापर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेली हवाई बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाही. इंग्लंडातील शेतकरी उंदरांसाठी पुष्कळदा ०.२२ इंची बंदूक पसंत करतात, कारण तिचा छर्रा जड असतो. परंतु तेथील आवड येथे जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. मोठ्या व्यासासाठी येथे परवाना काढावा लागतो आणि दहा मीटरांच्या आत लहान छर्राही उणा पडत नाही. ऑलिंपिकमधील दहा मीटरांची एअर रायफल स्पर्धा याच साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने खेळली जाते. २००० साली सिडनी येथे मुंबईच्या अंजली भागवत ज्या प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या आणि २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी ज्यात सुवर्णपदक मिळविले, तो प्रकार हाच. त्या स्पर्धेत चपट्या तोंडाचे छर्रे वापरतात. कोठारातही तेच सोयीचे, कारण ते खोल घुसण्याऐवजी आपली शक्ती लक्ष्यातच खर्च करतात.

यानंतर यंत्ररचनेचा विचार. स्प्रिंगच्या बंदुकीत नळी मोडून स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावून हवा दाबतो. ही बंदूक स्वस्त, टिकाऊ आणि स्वयंपूर्ण असते. मात्र छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच तिला हिसका बसत असल्यामुळे ती घट्ट आवळून न धरता हलक्या हाताने धरण्याची सवय करावी लागते. दुसऱ्या प्रकारात टाकीत आधीच उच्च दाबाची हवा भरलेली असते. तिला हिसका जवळजवळ नसतो, एकामागून एक छर्रे सहज मारता येतात आणि काही नमुन्यांत जोर कमीजास्तही करता येतो. परंतु किंमत जास्त, शिवाय हवा भरण्यासाठी निराळा पंप हवा. वर्षातून काही रात्रीच काम पडणाऱ्या शेतकऱ्यास मध्यम जोराची स्प्रिंगची बंदूक पुरेशी आहे. कोंबड्यांच्या मोठ्या खुराड्यांतून जेथे रोजचीच गस्त असते, तेथे दुसरीचा खर्च सार्थ ठरतो. समुद्राकडील दमट हवेत दोन्हींना गंज चढतो, म्हणून काम होताच तेलाचा बोळा फिरविण्यास चुकू नये.

जवळच्या नेमातील एक फसगत नवशिक्यास ठाऊक नसते. दुर्बीण नळीच्या वर सुमारे चार सेंटिमीटर बसलेली असते. वीस मीटरांवर नेम जुळवून घेतला असेल, तर पाच मीटरांवर छर्रा सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर खाली लागतो. उंदराच्या मस्तकाच्या मानाने ही चूक फार मोठी. तस्मात् ज्या अंतरावर मारावयाचे, त्याच अंतरावर नेम जुळवावा. आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात लागोपाठ पाच छर्रे पडेपर्यंत प्राण्यावर बंदूक रोखू नये. जखमी उंदीर बिळात जाऊन तडफडत मरतो. त्यात क्रौर्य आहे आणि दुर्गंधीही आहे.

काही पथ्ये अनिवार्य समजावीत. आमिष अशा जागी ठेवावे की, त्यामागे वाळूने भरलेली पोती असतील. दिवा तांबडा असावा, कारण तांबडा प्रकाश उंदरास फारसा जाणवत नाही. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विषारी आहे. म्हणून उघड्या धान्याच्या राशीकडे किंवा गुरांच्या गव्हाणीकडे कदापि नेम धरू नये व पडलेले छर्रे मोजून वेचावेत. मेलेला उंदीर हाताने उचलू नये. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर झालेल्या संशोधनाने शिकविलेला धडा असा की, उंदीर मरताच त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आश्रय शोधतात. काम संपल्यावर बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, हे लहान मुले असलेल्या घरात सांगावयास नकोच. आणि तुळईवर बसलेले गव्हाणी घुबड किंवा भिंतीकडेने सरकणारी धामण यांना हात लावू नये. कायद्याने ती संरक्षित आहेतच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, उंदीर मारणारा शेतकऱ्याचा बिनपगारी रखवालदार तोच आहे.

येथेच बंदुकीची मर्यादा स्पष्ट होते. एका रात्रीत ती पाच-दहा उंदीर टिपील. बिळातील पिले मात्र तिच्या टप्प्याबाहेरच राहतील. गुम्मिडिपूंडीच्या परिसरात बिळापर्यंत पोहोचणारी विद्या ज्यांच्यापाशी आहे, ते लोक म्हणजे इरुळा आदिवासी. बिळाच्या तोंडाशी पडलेली ताजी माती पाहून आत घूस आहे की नाही, पळवाट कोठे आहे, हे ते ओळखतात. १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली, तेव्हा त्यांचा मोठा आधार तुटला. १९७८ मध्ये साप पकडून विष काढणारी त्यांची सहकारी संस्था चेन्नईच्या दक्षिणेस स्थापन झाली. आणि २०२३ साली वडिवेल गोपाल व मासी सडैयन या दोघा इरुळा सर्पमित्रांना पद्मश्री देऊन शासनाने या विद्येचा गौरव केला.

परंतु उंदीर धरणाऱ्या सामान्य इरुळाच्या वाट्याला गौरव क्वचितच येतो. मडक्यात गवत पेटवून तोंडाने फुंकीत बिळात धूर सोडण्याच्या जुन्या रीतीत त्याचे ओठ आणि हात भाजत, धूर छातीत जाई. पुढे चेन्नईतील एका सेवाभावी संस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने धूर सोडण्याचे, हाताने चालवावयाचे पोलादी साधन तयार करून त्यांच्या हाती दिले. छऱ्याच्या बंदुकीसाठी हजारो रुपये मोजण्यास तयार असलेला शेतकरी इरुळाच्या दिवसभराच्या श्रमाचे दाम देताना मात्र घासाघीस करतो. हा हिशेब त्याने एकदा मांडून पाहावा.

सारांश, बंदूक घ्यावी, ती साडेचार मिलिमीटरची, बेताच्या जोराची आणि हातात बसलेली घ्यावी. मात्र आधी जोत्याची भोके बुजवावीत, पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत, सांडलेले भात रोज झाडून घ्यावे आणि बिळांसाठी इरुळांना योग्य मोल देऊन बोलवावे. एवढे करूनही जो उंदीर तुळईवर उरेल, त्याच्यासाठी बंदूक आहे.