जग आपल्या वर्गातच बसलेले असते

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आम्ही तिघे शिक्षक आहोत. आठवडाभर शाळेत शिकवतो आणि रविवारी या विहाराच्या अभ्यासिकेत मुलांना घेऊन बसतो. आज बोलायला एकजण उभा असला तरी बोलणे तिघांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. समितीने विषय दिला, 'वर्गातून जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण'. विषय ऐकून आम्ही जरा दबकलोच. जागतिक म्हटले की विमान आले, परदेश आला, फाडफाड इंग्रजी आली. आमच्या वर्गावर पत्रे आहेत आणि जगाचा नकाशा एकच आहे, तोही एका कोपऱ्याला उंदरांनी कुरतडलेला. अशा ठिकाणी जागतिक नागरिक कसा घडवायचा?

पण मंडळी, विचार करता करता आम्हाला आमचीच एक चूक आठवली. ती आधी सांगतो, मग पुढे बोलतो. कारण आम्ही जे काही शिकलो ते त्या चुकीतूनच शिकलो.

वर्षाच्या मध्येच आमच्या वर्गात एक मुलगा आला. आई-वडील बांधकामावर मजूर. तेलंगणातल्या महबूबनगरकडून कामासाठी आलेले. मुलाची भाषा तेलुगू. तो मराठी बोलायचा, पण 'माझा आई आला' आणि 'माझी बाप गेली' असे बोलायचा. वर्ग खो खो हसायचा. आणि खरे सांगायचे तर एकदोनदा आम्हीही हसलो. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन हौदापाशी एकटाच बसायचा. डब्यात भात आणि चिंचेचा आंबट रस्सा. पोरे नाक धरायची. हे आम्हाला दिसत होते, पण पाहिले असे म्हणता येणार नाही.

एक दिवस तो यायचा बंद झाला. आठ दिवसांनी आम्ही त्याच्या झोपडीवर गेलो. त्याची आई विटा वाहत होती. डोक्यावरची चुंबळ काढून ती मोडक्या हिंदीत एवढेच म्हणाली, "बच्चे हँसते, सर लोग भी हँसते."

बंधू-भगिनींनो, आम्ही मान खाली घालून परत आलो. आपण कोणाची लेकरे आहोत? लहानग्या भीमरावाला साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, ही गोष्ट आपण दर चौदा एप्रिलला सांगतो. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या दारातून हाकलले, त्यांच्याच वर्गात एक पोर बाजूला बसले आणि आम्हाला ते कळले नाही! गोणपाट दिसत नव्हते, पण होतेच ना?

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाला आठवले, की आपण रोज सकाळी जी प्रतिज्ञा म्हणतो ती मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या गृहस्थांनी ती १९६२ साली लिहिली आणि मग ती देशभरच्या भाषांत गेली. मुलाला समजावून आम्ही शाळेत आणले आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या वर्गाला ही गोष्ट सांगितली. पोरे त्याच्याकडे बघायला लागली. म्हटले, "तुझ्या गावच्या शाळेत म्हणायचास तशी म्हणून दाखव." आधी तो उठेना. मग उठला आणि हात पुढे करून त्याने अख्खी प्रतिज्ञा न अडखळता म्हटली. वर्ग गप्प. मधल्या सुट्टीत पोरे त्याच्याभोवती गोळा. "पाण्याला काय म्हणतात रे?" तो म्हणाला, "नीळ्ळु." आणि मग नीळ्ळु, नीळ्ळु करत सगळा वर्ग हौदाकडे पळाला.

ही गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. पाच महिन्यांनी इमारत पुरी झाली आणि ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. दाखला न्यायचाही राहिला. पोर पुढे शिकले की नाही, आम्हाला माहीत नाही. पण त्या पाच महिन्यांत आमच्या वर्गाने जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हते.

आता या मोठ्या शब्दाकडे वळू. जागतिक नागरिकत्व म्हणजे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नव्हे. युनेस्कोने १९७४ साली सर्व देशांना शिफारस केली, की शिक्षणातून आंतरराष्ट्रीय सामंजस्य, शांतता आणि मानवी हक्क यांची जाण मुलांना द्यावी. ती शिफारस २०२३ साली नव्याने मांडली गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली, त्यांतही जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. कागदावर सगळे आले. पण कागदावरून ते वर्गात कसे उतरवायचे? आम्ही काय काय करून पाहतो ते सांगतो.

पहिला धडा डब्याचा. आम्ही मुलांना विचारतो, शेजारच्या काकूंकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी होते, त्यात काय काय पडते? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची. मग सांगतो, बाळांनो, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका तिकडचाच. यातली बरीच पिके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीजांचा. पाव, चावी, बादली, पगार हेही त्यांच्याकडूनच आले. 'दप्तर' आणि 'कागद' फारसीतून आले, 'हजर' अरबीतून. म्हणजे पोरगा सकाळी दप्तर उचलतो आणि वर्गात 'हजर' म्हणतो, तेवढ्यात दोन परक्या भाषा बोलून झालेल्या असतात! हे ऐकल्यावर दुसऱ्याच्या डब्याला नाक धरायची हिंमत कोणाची? आपला डबा शुद्ध आपलाच, असे म्हणायला जागाच राहत नाही.

दुसरा धडा नकाशाचा. भिंतीवर जो नकाशा आपण पाहतो, तो पुष्कळदा मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ साली बसवलेल्या पद्धतीचा असतो. दर्यावर्दींना दिशा धरायला तो सोयीचा होता. पण त्यात ध्रुवांकडचे देश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे आहेत त्याहून लहान वाटतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळजवळ चौदा पट आहे. आम्ही मुलांना पृथ्वीचा गोल देतो, पातळ कागद देतो आणि म्हणतो, गोलावरून ग्रीनलंड उतरवा आणि आफ्रिकेवर ठेवून बघा. मुलांचे डोळे मोठे होतात. एका मुलीने विचारले, "सर, मग नकाशा खोटा बोलतो का?" खोटा नाही, पण कोणाच्या सोयीने काढला ते विचारायचे असते. हा प्रश्न विचारायला शिकली, की पोरगी वर्तमानपत्रही तसेच वाचेल.

तिसरा धडा लेण्यांचा. सहल काढायची तर कार्ल्याला काढा. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट गावच्या 'यवनांची' नावे आहेत. यवन हा शब्द आपल्याकडे मुळात ग्रीकांसाठी वापरला जाई. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातून आलेल्या, निदान परके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांनी सह्याद्रीच्या कातळात खांब दान दिले आणि ते आपल्या लोकांनी घेतले. खांबाला हात लावून मुलांना हे सांगावे. वेगळे व्याख्यान लागत नाही.

चौथा धडा आपल्या घरातला आहे, आणि तो सांगताना आमची छाती फुगते. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. ते पुस्तक त्यांनी कोणाला अर्पण केले? अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना! पुण्यात बसलेला माणूस, ना तो अमेरिकेला गेला, ना त्याने ते गुलाम पाहिले. पण तिकडची बेडी तुटली याचा आनंद त्याला झाला, कारण इकडची बेडी त्याला ठाऊक होती. पुढे १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथले कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडत होते, त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली, तेव्हा 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. जागतिक नागरिकत्व हा शब्द शाळेत यायच्या कितीतरी आधी आपली माणसे ते जगत होती. आपले दुःख नीट समजलेल्या माणसालाच लांबच्या माणसाचे दुःख ओळखीचे वाटते.

पण मित्रहो, इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, वेशभूषेचा सोहळा. आम्हीही एकदा केला. एकाला किमोनो, एकाला पिसांची टोपी, आणि एका पोराच्या तोंडाला काजळ फासून 'आफ्रिकेचा माणूस' केला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आज आठवले की लाज वाटते. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत, विद्यापीठे आहेत, कवी आहेत, डॉक्टर आहेत. आम्ही मुलांना काजळ तेवढे शिकवले. रंगाचा आणि कपड्यांचा तमाशा म्हणजे संस्कृतीची ओळख नव्हे. त्यापेक्षा तिथला तुमच्या वयाचा मुलगा शाळेत कसा जातो, पाणी कुठून आणतो, सुट्टीत काय खेळतो, हे शोधून आणा म्हणावे.

दुसरे, संस्कृती समजून घेणे म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावणे नव्हे. 'ती त्यांची परंपरा आहे, आपण कशाला बोला' असे म्हणून जगाने डोळे मिटले असते, तर आपण आज कुठे असतो? अस्पृश्यताही परंपराच होती की! म्हणून आम्ही मुलांना एक माप देतो. अन्न, भाषा, गाणे, कपडा यांत जेवढा वेगळेपणा तेवढी श्रीमंती. पण ज्या चालीने माणूस खाली ढकलला जातो, ती चाल कोणाचीही असो, परक्याची असो की आपल्या घरातली, तिला प्रश्न विचारायचा. आणि आधी घरातल्या चालीला विचारायचा.

या मापाचे एक उदाहरण मुलींना फार आवडते. १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सर्व मानव' आले. एका भारतीय बाईने एक शब्द बदलला आणि जगातल्या निम्म्या माणसांना आपले नाव त्या कागदावर दिसले. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे ऐकून गणवेशाच्या सूचनेतला 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द खोडून 'विद्यार्थी-विद्यार्थिनींनी' करायला लावला. आम्ही केला.

आता शेवटचे. तुम्ही म्हणाल, हे सगळे शाळेचे काम, आम्ही काय करायचे? आम्ही एकच मागणे मागतो. संध्याकाळी पोरगा घरी आला की आपण विचारतो, किती मार्क पडले, गृहपाठ झाला का. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: "आज वर्गात एकट्याने डबा कोणी खाल्ला?" पहिल्या दिवशी पोरगा म्हणेल, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो बघेल. तिसऱ्या दिवशी कदाचित तो आपला डबा उचलून तिकडे जाऊन बसेल. तिथे तेलुगू बोलणारा असेल, बिहारचा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, पायाने अधू असेल. पुढे तुमचा पोरगा दुबईला गेला, जर्मनीला गेला, तरी तो माणसांत माणूस म्हणून उभा राहील. आणि गेला नाही, तरी इथल्या गल्लीत तो जगाचा नागरिक असेल.

आमच्या वर्गातला तो मुलगा आता कुठे आहे, ठाऊक नाही. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी शाळेत त्याला कोणी 'ये, बस' म्हटले असेल, अशी आशा करतो. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेचे दार अशा प्रत्येक पोराला उघडे राहावे, कोणत्या जातीचा, कोणत्या मुलखाचा हे न विचारता, एवढीच या वर्धापनदिनी समितीला विनंती आहे. 

जय भीम!