सोंग कुणापुढे आणायचं?

(जोतिबा डोंगरावरील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



चैत्र यात्रा पार पडली, सासनकाठ्या आपापल्या गावी गेल्या. पायऱ्यांवरचा गुलाल मात्र अजून हटलेला नाही. अशा दिवसांत डोंगरावर येऊन शिवचरित्रावर बोलावं, संतवाङ्मयावर बोलावं, असा रिवाज. मी विषय कळवला तो ओळखीच्या घोटाळ्यावर उभ्या असलेल्या प्रेमाच्या सिनेमाचा. संयोजकांनी फोनवर विचारलं, "म्हणजे 'अशी ही बनवाबनवी' ना?" म्हटलं, होय, पण वाटेत 'धुमधडाका' लागेल.

विषय इथे उपरा नाही. डोंगराखालच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीही तिथेच जन्मली. आणि ज्या महेश कोठारेंनी 'धुमधडाका' काढला, त्यांच्याच संस्थेने २०२० साली 'दख्खनचा राजा जोतिबा' ही मालिका कोल्हापूरच्या चित्रनगरीत उभी केली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती रोज रात्री बघितली असेल. शिवाय ओळखीचे घोटाळे या डोंगराला नवे नाहीत. डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी म्हटलं की परका माणूस कोकणाकडे तोंड करतो. चैत्रात पालखी जोतिबाची निघते, यमाईच्या दारी जाते, आणि परगावचा भाविक जोतिबाचंच लग्न समजून अक्षता टाकतो. पण यमाईचा नवरदेव असतो कट्याररूपी जमदग्नी. हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नव्हे.

तर मूळ मुद्द्यावर येतो. एकाला दुसराच समजायचं, आणि त्यातून प्रेमाचा गुंता वाढवत न्यायचा, ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. रोमन नाटककार प्लॉटसने जुळ्या भावांवर नाटक रचलं, शेक्सपिअरने त्यात नोकरांची आणखी एक जुळी जोडी घातली, गुलजारांनी १९८२ साली त्याचा 'अंगूर' केला. जुळ्यांच्या गोष्टीत दोष कुणाचाच नसतो, चेहऱ्याचा असतो. म्हणून ती मला थोडी कोरडी वाटते. आपल्या देवलांचं 'संशयकल्लोळ' तिच्यापेक्षा चढं. मोलिएरच्या प्रहसनावरून, इंग्रजीच्या वाटेने आलेलं हे नाटक. पडलेली एक तसबीर, ती उचलणारी कृत्तिका आणि ती तिच्या हातात बघणारा तिचा नवरा फाल्गुनराव. कुणी सोंग आणत नाही, कुणी मुद्दाम फसवत नाही. माणसं आपल्याच संशयाने एकमेकांना भलतंच समजतात.

मला आज बोलायचंय ते तिसऱ्या जातीबद्दल. जिथे माणूस जाणूनबुजून सोंग आणतो. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही: सोंग आणलं कुणापुढे?

आचार्य अत्र्यांनी ही युक्ती तीन वेगवेगळ्या अंगांनी वापरली, आणि तिन्ही शेजारी ठेवली की उत्तर दिसायला लागतं. पहिलं 'ब्रह्मचारी', १९३८, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचं, मास्टर विनायकांचं. नायक औदुंबर भाषण ऐकून ब्रह्मचर्याचं व्रत घेतो आणि किशोरी त्याच्या वाटेत येते. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाने त्या काळी जो गहजब झाला, त्यात एक गोष्ट झाकून गेली. औदुंबर लोकांना फसवत नाही. त्याला स्वतःचीच ओळख पटलेली नाही. सोंग आणलंय ते स्वतःपुढे. दुसरं 'मोरूची मावशी', 'चार्लीज आंट' या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. मुलींना भेटायचं तर घरात वडीलधारी बाई हवी, म्हणून मित्रालाच लुगडं नेसवायचं. इथे सोंग आहे समाजाच्या रीतीपुढे. आणि तिसरं १९६२ चं 'तो मी नव्हेच'. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. निपाणी इथून काही लांब नाही. वेश तेच, नावं बदलणं तेच, लग्नंही तीच. पण लखोबा ज्या बाईशी लग्न लावतो तिच्याचपुढे सोंग आणतो. लखोबा रंगवणाऱ्या प्रभाकर पणशीकरांच्या चलाखीला लोकांनी टाळ्या दिल्या, तरी ते नाटक न्यायालयात घडतं, लग्नमंडपात नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रेमाची कॉमेडी आणि फसवणुकीचा खटला यांच्यात जे कुंपण आहे, ते इथे आहे. बापापुढे सोंग आणलं तर हसू येतं, मुलीपुढे आणलं तर फौजदारी होते.

आता 'धुमधडाका'. १९८५. गोष्ट उसनी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तमिळ दिग्दर्शक श्रीधर यांचा १९६४ चा 'कादलिक्क नेरमिल्लै', त्यांनीच १९६६ साली हिंदीत केलेला 'प्यार किये जा', आणि तिथून मराठी. गरीब मुलगा श्रीमंताच्या मुलीवर प्रेम करतो. बापाला श्रीमंत व्याही हवाय. मग मुलगा आपल्या मित्रालाच म्हातारा कोट्यधीश बाप बनवून आणतो. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. 'धुमधडाका' या म्हणीला आव्हान देतो. पैशाचं सोंगही आणता येतं, फक्त पाहणारा पैशाचा भुकेला हवा.

तो पाहणारा म्हणजे शरद तळवलकरांचा धनाजी रामचंद्र वाकडे. स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट उच्चारण्यात या माणसाला जी चव लागते, ती अस्सल इकडची आहे. असा एखादा साखर कारखान्याच्या सभेत तुम्ही पाहिला असेल. (समोर बसलेल्यांपैकी कुणाकडे मी बघत नाहीये.) आणि त्याच्यापुढे तो खोटा बाप, अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर. तोंडात पाइप आणि तो ठसका, ते 'वख्खा विख्खी'. सोंग वठवताना श्रीमंती दाखवायची कशी? कोट घालता येतो, गाडी भाड्याने आणता येते. सराफांनी ती ठसक्यात दाखवली. गरिबाला ठसका लागला तर लोक पाठीवर थोपटतात, पाणी देतात. श्रीमंताला लागला की सगळे आदबीने थांबून राहतात. वाकडे ताटकळत थांबतो, तिथेच त्याची लायकी आणि जवळकरांचं वजन दोन्ही कळतं.

आणि पेच असा की या खोट्या म्हाताऱ्याची स्वतःची प्रेयसी म्हणजे त्याच वाकड्याची दुसरी मुलगी. ज्या घरात तो व्याही म्हणून रुबाब करतो, त्याच घराचा जावई त्याला व्हायचंय, आणि ते तर त्या दाढीमिशांत बोलताही येत नाही. हे लक्षात ठेवा. सोंगाची पहिली शिक्षा सोंग घेणाऱ्यालाच मिळते.

याच चित्रपटातल्या लक्ष्मीकांत बेर्डेंबद्दल आणि प्रेमा किरण यांच्या अंबाक्काबद्दल बोलायला बसलो तर वेळ पुरायचा नाही. पुढे जातो.

'अशी ही बनवाबनवी' तीन वर्षांनी, १९८८ साली आला. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, लेखन वसंत सबनीसांचं. याचीही गोष्ट उसनी. हृषिकेश मुखर्जींचा १९६६ चा 'बीवी और मकान', आणि त्याच्याही मागे शैलेश डे यांची बंगाली कथा. पण सबनीसांनी ती पुण्यात अशी रुजवली की आज मूळ कुणाला आठवत नाही. चौघे जण, डोक्यावर छप्पर नाही, आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर यांना भाडेकरू हवेत ते जोडपी. म्हणून दोघांनी बायका व्हायचं. वेश घेतला जातो तो प्रेमासाठी नव्हे, खोलीसाठी. प्रेम नंतर येतं, आणि येतं तेव्हा आधीचं खोटं दारात आडवं पडलेलं असतं.

चौघांतला धनंजय माने बघा. ज्या दुकानात नोकरी करतो त्याच्या मालकीणबाईंवर, माधुरीवर, त्याचा जीव आहे. आणि त्या माधुरीपुढे त्याला लुगडं नेसून पार्वती झालेल्या परशाला बायको म्हणून उभं करावं लागतं. 'धुमधडाका'त खोट्या बापाचं जे झालं, तेच इथे खोट्या नवऱ्याचं. माधुरीशीही खोटं बोललं गेलं, मग हा लखोबाच नाही का, असा कुणी आक्षेप घेईल. नाही. लखोबा खोटं बोलून बाई मिळवतो. माने खोटं बोलून ती गमावत बसतो. शेवटी मात्र सगळ्या मुली फार चटकन समजून घेतात, हे मला पटत नाही. माधुरीने निदान एक दिवस तरी अबोला धरायला हवा होता. पण चित्रपटाला संपायची घाई असते.

या चित्रपटात स्त्रीवेशाच्या दोन परंपरा एकाच घरात नांदतात, हे मला फार आवडतं. लक्ष्मीकांतची पार्वती तमाशातल्या मावशीच्या कुळातली. लुगडं नेसलेला पुरुष आहे, हे क्षणभरही विसरायचं नाही; मजा त्यातच. सचिनची सुधा बालगंधर्वांच्या वाटेने जाते, तिथे पाहणाऱ्याने विसरायचं असतं. सबनीस हे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, वगाची नस ओळखणारे. एकाच घरात राहणाऱ्या या दोन बायकांच्या तोंडी त्यांनी वेगवेगळी भाषा दिली. पार्वतीचं बोलणं गावरान, फटकळ, सुधाचं लाघवी. अभिनयाचं कौतुक सगळे करतात, लेखणीचं कमी होतं, म्हणून इथे मुद्दाम करतो.

दोहोंत उजवा कोण, हे विचाराल तर माझं उत्तर तयार आहे. 'धुमधडाका'त अशोक सराफ आणि तळवलकर समोरासमोर येतात ते प्रसंग 'बनवाबनवी'तल्या कुठल्याही प्रसंगाला हार जाणार नाहीत. पण त्यांच्यामागची गरज लहान आहे: एका लोभी बापाला गंडवायचं. 'बनवाबनवी'मागची गरज खरी आहे. एकट्या पोराला खोली मिळत नाही, हे १९८८ साली पुण्यात जेवढं खरं होतं तेवढंच आजही खाली कोल्हापुरात खरं आहे. तुमच्याच वाडीतली, पंचक्रोशीतली पोरं शिकायला, नोकरीला तिकडे जातात आणि दार बंद झाल्यावर जिने उतरत असतात.

तेव्हा ज्यांची शहरात वरची खोली रिकामी असेल, त्यांनी ती एकट्या मुलालाही द्यावी, मुलीलाही द्यावी, आणि लग्नाचा दाखला मागू नये. भाडं मात्र वेळेवर घ्या. मानेंच्या भरवशावर राहू नका.

चांगभलं!