नव्वदच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी इतकं ज्ञान येतं की माझी भर नको. त्याऐवजी मी एका साध्या गोष्टीवर बोलते, जी तुमच्यातल्या निम्म्यांना तरी जाणवली असेल. गाडी नव्वदच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागतं. ते का, आणि त्याचं मूळ कसं शोधायचं?

हा विषय आपल्या गावात नवा आहे. कॅम्प तीनमध्ये गाडी चालवणाऱ्याला नव्वद म्हणजे काय हे कळायला वावच नाही. १७ सेक्शनपासून शांतीनगरपर्यंत तिसरा गिअर पडला तरी आपण खूश होतो. कल्याण-बदलापूर रस्त्यावर तर वेगापेक्षा संयमाची परीक्षा जास्त. पण ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या शेजारच्या भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. आता आपली गाडी आठवडाभर खड्ड्यांतून तीसने चालते आणि रविवारी शंभरने. आठवडाभर लपलेलं दुखणं रविवारी बाहेर येतं.

ते लपतं कसं, हे आपल्याला शाळेतच शिकवलं होतं. विज्ञानाच्या सरांनी दोरीला खोडरबर बांधून गरगर फिरवला होता, आठवतंय? जितका जोरात फिरवू तितकी दोरी हाताला ओढते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकाच्या एका बाजूला जास्तीचं वजन असलं की नेमकं हेच होतं. समजा रिंगच्या कडेला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त आहे. नेहमीच्या पंधरा इंची चाकाचा हिशेब मी केला. ताशी ४० ला त्या ३० ग्रॅमची ओढ साधारण पाऊण किलोची. वेग अडीचपट झाला, म्हणजे १०० ला, की ओढ सव्वासहापट, साडेचार किलोच्या थोडी वर. आणि १२० ला साडेसहा किलोच्याही पुढे. शंभरच्या वेगाला हे चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. म्हणजे सेकंदातून चौदा वेळा कोणीतरी साडेचार किलोचा हिसका देतंय. स्टिअरिंग थरथरेल नाही तर काय!

आपल्या वर्गातला तो एक पाकळी वाकलेला पंखा आठवा. एक नंबरवर गरीब गाय, पाचवर ठेवला की खालच्या बाकावर कोणी बसायला तयार नसे. किंवा वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की ड्रायरच्या वेळी मशीन बाथरूमभर नाचतं. कारण तेच.

अजून एक गंमत आहे. बऱ्याच गाड्यांत थरथर ८० ते ११० च्या पट्ट्यात सर्वांत जास्त असते आणि त्याच्या पुढे थोडी कमी वाटते. झोक्याला योग्य वेळी टिचकी मारली तरी तो उंच जातो, तसं चाकाचे हिसके सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळले की थरथर फुगते. म्हणून "अजून जोरात चालवली की बरी होते" असं सांगणारे मित्र भेटतात. त्यांचं निरीक्षण बरोबर, पण उपाय चुकीचा. हिसके वाढलेलेच असतात, फक्त हाताला कमी कळतात.

आता शोध कसा घ्यायचा. माझ्या कामात एखादा प्रोग्रॅम बिघडला की आम्ही आधी विचारतो, कधी बिघडतो? गाडीलाही तेच विचारायचं.

पहिला प्रश्न : थरथर कुठे जाणवते? हातात असेल तर बहुतेक वेळा दोष पुढच्या चाकांत. सीटमधून, कमरेला जाणवत असेल तर मागच्या चाकांकडे बघा.

दुसरा : ब्रेक दाबल्यावरच येते का? तसं असेल तर टायर सोडून ब्रेकच्या डिस्ककडे जा. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून डिस्क तापतात, पुढे असमान झिजतात आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत.

तिसरा : अॅक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते का? मग इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तपासायला सांगा.

चौथा : कधीपासून? नवे टायर टाकल्यापासून, मोठ्या खड्ड्यात आदळल्यापासून, की गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिल्यापासून? पावसाळ्यात बदलापूरकडच्या कच्च्या रस्त्याने जाऊन आलात, तर रिंगच्या आतल्या बाजूला चिखल सुकून बसतो आणि तेवढ्यानेही तोल जातो. अशा वेळी उपाय म्हणजे पाण्याचा फवारा, खर्च शून्य.

या चार उत्तरांनंतरच गॅरेजची पायरी चढा. तिथे दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. बॅलन्सिंग म्हणजे चाकाच्या वजनाचा तोल. तो बिघडला की थरथर. थरथर होते म्हणून नुसती अलाइनमेंट करून घेणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्म्याचा नंबर काढणं.

आणि आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगते. माझा भाऊ दर पंधरा दिवसांनी आईला उपचारांसाठी नाशिकला नेतो. पूर्वी कसारा घाटातून जायचा, आता समृद्धीने. दिवाळीनंतर तो म्हणाला, नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. ब्रेकचा संबंध नाही, अॅक्सिलरेटरचा नाही, सीट शांत, फक्त हातात जाणवतं. म्हणजे पुढची चाकं. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग केलं, दोन्ही बाजूंना शिसं लावलं, यंत्राने शून्य दाखवलं. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. मी गाडी परत घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन झीरो दिखा रहा है, रोड का प्रॉब्लेम है. साहब को भेजो, समझा देता हूँ."

साहेबांना पाठवलं नाही. कारण प्रश्न साधा होता : यंत्र नेमकं काय मोजतं? ते वजनाचा तोल मोजतं, चाकाची गोलाई नाही. वाकडं चाकसुद्धा शिसं लावून शून्यावर आणता येतं. हवेत फिरताना ते शांत राहील, पण रस्त्यावर गाडीचं वजन पडलं की दर फेरीला उडी मारेल.

म्हणून सपाट जागी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पुढचं एक चाक जॅकवर उचललं. टायरजवळ विटेवर एक पेन असं ठेवलं की टोक रबराच्या अगदी जवळ येईल, आणि गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने सावकाश फिरवलं. उजव्या चाकाला फट सगळीकडे सारखी. डाव्या चाकाला एका जागी फट बंद होऊन टायर पेनाला घासला. दर फेरीला, त्याच जागी. चाक काढलं, तर आतल्या बाजूला, उभ्या माणसाला कधी दिसणार नाही तिथे, सुपारीएवढा मऊ फुगा होता. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले होते.

फुगा आलेल्या टायरचं बॅलन्सिंग करून भागत नाही. तो कधी फुटेल सांगता येत नाही, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर, पुढचं चाक शंभरच्या वेगाला फुटलं तर गाडी कुठे जाईल हेही सांगता येत नाही. मागच्या सीटवर आई बसलेली असते. त्याच संध्याकाळी टायर बदलला. पुढच्या फेरीला भावाने फोन करून एवढंच सांगितलं, "चहाचा कप धरल्यासारखं स्टिअरिंग आहे."

असं काही डोळ्यांना सापडलं नाही, तर मग पुढचं चाक मागे, मागचं पुढे करून बघायचं. थरथर हातातून कमरेत गेली तर गुन्हेगार तेच चाक. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. चारही चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे टायर एकदमच केले, तर गाडी बरी होईलही, पण दुखणं कशात होतं ते कळणार नाही आणि बिल मात्र कळेल. चाक परत लावताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायला सांगा. एकापाठोपाठ एक गोल आवळले तर चाक तिरकं बसू शकतं.

हे सगळं मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले असं तुम्हाला वाटेल. खरं तर हे आपल्या प्रयोगवहीत होतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहिलं की बाई लाल शाईने पान फुलीफुलीचं करायच्या. आपण तेव्हा कुरकुरलो. आज ऑफिसमध्ये माझ्या हाताखालच्या मुलांना मी तेच सांगते : आधी बघ, मग बोल. बाई, सर, तुमची ती लाल शाई आमच्या फार उपयोगी पडली. त्याबद्दल मनापासून नमस्कार.

शेवटी एक विनंती. आज आपल्यापैकी बरेच जण पुण्याहून, नाशिकहून गाडीने आले आहेत. निघण्याआधी पाच मिनिटं द्या. चारही टायरांच्या आतल्या बाजूला मोबाइलचा टॉर्च मारा. हवा तपासा, स्टेपनीचीही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं. आणि वाटेत स्टिअरिंग थरथरलं, तर गाण्याचा आवाज वाढवू नका, वेग कमी करा आणि गाडी दाखवा.

पुढच्या मेळाव्याला सगळे भेटायचे आहेत.