खिशातील पेटी आणि तिची किल्ली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी रायपुरातील मराठी घराची सारी गुपिते एका लोखंडी पेटीत मावत. घराची कागदपत्रे, बँकेचे पासबुक, गावाकडची पत्रे पेटीत आणि किल्ली गृहिणीच्या कमरेला. आज तीच पेटी आपल्या खिशात आली आहे. ती घेऊन आपण बाजारात हिंडतो आणि मुलानातवंडांना भेटण्यासाठी नागपूर-पुण्याकडे रात्रीचा प्रवासही करतो. म्हणून फोन हरवल्यास काय करावे, हा विचार ह्या व्यासपीठावरून मांडणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

फोनची किंमत भरून येते; आतील माहितीचे तसे नाही. शिवाय ती केवळ आपलीही नसते. बहिणीच्या आजाराचे अहवाल, भाचीच्या लग्नाची बोलणी, शेजाऱ्याचा खातेक्रमांक ही आप्तेष्टांनी आपल्यावर विसंबून ठेवलेली ठेव आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरविले. तथापि कुलूप आपल्यालाच लावावे लागते.

कुलपे दोन. पहिले पडद्याचे. आजच्या फोनमधील माहिती सांकेतिक रूपात साठविलेली असते आणि ती उलगडण्याची किल्ली ह्या कुलपाशी निगडित असते. तेथे जन्मसाल किंवा १२३४ असे अंक ठेवणे म्हणजे किल्ली दारावरच टांगणे होय. दुसरे कुलूप सिमकार्डाचे. ते बहुधा दुर्लक्षित राहते. फोन उघडला नाही तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचा ओटीपी त्याच्या हाती पडतो. सिमला पिन लावल्यास हा मार्ग बंद होतो. पिन तीनदा चुकल्यास सिम अडते व कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. म्हणून तो टिपून ठेवावा. कुलूपबंद पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसू देऊ नये, हेही तितकेच आवश्यक.

फोन गेलाच, तर क्रमाला महत्त्व आहे. प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून गूगलचे ‘फाइंड हब’ किंवा ॲपलचे ‘फाइंड माय’ उघडून आपला फोन दुरूनच कुलूपबंद करावा; परत मिळण्याची आशा नसेल तर आतील माहिती पुसावी. त्या वेळी गूगल पडताळणीचा संकेतांक हरवलेल्या फोनवरच पाठवण्याचा संभव असतो. म्हणून खात्याचे पर्यायी संकेतांक आधीच कागदावर उतरवून ठेवावेत. लगोलग सिम बंद करवावे, बँकेस कळवून यूपीआय थांबवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नंतर पोलिसांत तक्रार द्यावी. तिची प्रत जोडून ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक अडवता येतो. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली येथे प्रायोगिक रूपात सुरू झाली व मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. त्यासाठी लागणारा ओटीपी नव्या सिमवर येतो. नव्या सिमवर संदेश सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. क्रमांक अडवल्याने फोन देशातील दूरध्वनी जाळ्यांवर चालेनासा होतो. आतील माहिती मात्र पुसली जात नाही. हा भेद विसरू नये. पुढे कधी ‘आपला फोन सापडला, येथे संकेतशब्द भरा’ असा संदेश आला, तर तो चोराचाच डाव समजावा.

आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांची मुले दूर आहेत. फोन हरवला की ‘मुले रागावतील’ ह्या संकोचाने ते गप्प बसतात, आणि नेमका तोच वेळ चोराच्या कामी येतो. आमची विनंती एवढीच, की प्रत्येक तरुण सभासदाने एका ज्येष्ठाशेजारी बसून सिमचा पिन लावून द्यावा. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांक, बँकेचा व सिम कंपनीचा दूरध्वनी आणि विश्वासातील एका माणसाचे नाव वहीत लिहून द्यावे. ही वही मात्र फोनसोबत नव्हे, घरी कपाटात राहावी. ह्या कामास अर्धा तासही लागणार नाही. ते ह्याच आठवड्यात व्हावे, असे विनवून आम्ही आपली रजा घेतो.